लिहिणाऱ्यांच्या मेळाव्यात वाचणारी पाहुणी

नमस्कार. मी नंदुरबारची, वय ३६. दोन वर्षांपासून टोपणनावानं ब्लॉग लिहिते. मिरचीच्या पथाऱ्या (म्हणजे मिरच्या वाळत घालायची मोकळी मैदानं), तिथं देठ खुडायला येणाऱ्या बाया, माहेरच्या अहिराणी म्हणी, सासरचं स्वयंपाकघर, असं काहीबाही. वाचणारे चाळीसेक, त्यातल्या निम्म्या मावस-मामेबहिणी. आमच्या ह्यांना आणि माझ्या आईला माहीत आहे, सासरच्या बाकी कुणाला नाही. आता जळगावला खान्देशातल्या ब्लॉग लिहिणाऱ्यांचा मेळावा आहे. रविवारी सकाळी साडेदहाला सभागृहात कार्यक्रम, दुपारी जवळच्या शेतात भरीत पार्टी, नोंदणी ३०० रुपये. मी तिथं कुणालाच ओळखत नाही. येणारे म्हणजे प्राध्यापक, पत्रकार, हजारो वाचक असलेले. मनी भाषा आयकीसन लोके हासतीन. खरं नाव सांगावं लागेल का? हे म्हणतात, मी सोबत येतो आणि शेवटपर्यंत बसतो. आई म्हणते, मोकळ्या हातानं जाऊ नको. मला वाटतं, जाऊच नये. काय करू?
– एक मिरचीवाली, नंदुरबार

मिरचीवाल्या ताई,

जा. ‘जाऊच नये’ असं लिहिलंत खरं, पण ज्याला जायचं नसतं त्याला नोंदणीचे पैसे, वेळ आणि जेवणात काय आहे ते इतकं नीट पाठ नसतं.

तुम्ही असं धरून चालला आहात की तिथं जमलेली मंडळी तुमचं लेखन तोलायला बसणार आहेत. अहो, त्यांनी ते वाचलेलंच नसेल. तुमचंच काय, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचंही त्यांनी फारसं वाचलेलं नसतं. अशा मेळाव्यात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये, पिशवीत आणि मनात स्वतःचं लेखन असतं, दुसऱ्याचं क्वचित. लिहिणाऱ्यांचा सुकाळ आणि वाचणाऱ्यांचा दुष्काळ! ज्यांचे हजारो वाचक आहेत असं तुम्ही म्हणता, त्यांचीही गत वेगळी नाही. त्यांना रोज आकडा दिसतो, वाचणारा माणूस कधी समोर येत नाही. अशा ठिकाणी ‘तुमचं ते मी वाचलंय’ असं म्हणणारी एक अनोळखी बाई आली, तर तिच्यासाठी माणसं शेजारची खुर्ची पुसून देतील.

म्हणून तयारी करायची ती वाचनाची. आयोजकांनी येणाऱ्यांचा ग्रुप केला असेलच. त्यातली तीन-चार नावं निवडा, ज्यांचा विषय तुम्हाला मनापासून वाचावासा वाटेल अशी. कुणी लळिंगच्या किल्ल्यावर लिहीत असेल, कुणी केळीच्या भावावर, कुणी सातपुड्यातल्या पाखरांवर. ताजं काय ते सगळेच चाळतात, तुम्ही जरा मागं जा, वर्षा-दोन वर्षांपूर्वीचं काढा. आणि ‘छान लिहिता हो’ हे वाक्य घरीच ठेवा. त्याला ‘धन्यवाद’ यापलीकडे उत्तर नसतं, मग दोघंही पंख्याकडे बघत उभे राहतात.

त्यापेक्षा असा प्रश्न न्या की ज्याचं उत्तर फक्त त्या लिहिणाऱ्यालाच देता येईल. समजा, कुणी रानपिंगळ्यावर लिहिलंय. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणा अभ्यासकाला दिसलं नव्हतं, ते नामशेष झालं असंच मानत होते, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ते शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडलं. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, तुमचा नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने होते. आता या माणसाला तुम्ही विचारलंत, ‘अभ्यासकांना तो शंभरावर वर्षं दिसला नाही, पण पाड्यांवरच्या लोकांना मधल्या काळात दिसत होता का? तुम्ही कुणाला विचारलंत?’ बस. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावंच लागणार नाही. आणि अर्ध्या तासानंतर तो माणूस स्वतःहून विचारेल, ‘ताई, तुम्ही काय लिहिता?’

हे मी डावपेच म्हणून सांगते, असं कुणी समजू नये. वाचलेलं नसताना वाचल्याचा आव आणणारे मेळाव्यात असतातच, आणि ते दुसऱ्याच वाक्याला उघडे पडतात. कुणाचं वाचायला वेळ मिळाला नाही, तर तसं म्हणा आणि नाव लिहून घ्या.

वाचकांच्या आकड्याचं दुःखही एकदाच बाजूला ठेवू. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज, हातानं लिहून. वाचक किती, तर छात्रालयात राहणारी मुलं. तुमच्या चाळीस वाचकांत निम्म्या मावस-मामेबहिणी आहेत म्हणून तुम्ही ओशाळताय, मला तर मावसबहीण दोन वर्षं नेमानं वाचते हेच कौतुकाचं वाटतं. बहिणी इतक्या चिकाटीच्या नसतात.

जळगावच्या मेळाव्यात बालकवींची गोष्ट कुणीतरी सांगणार, हे आत्ताच सांगून ठेवते. १९०७ साली जळगावात महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं, त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतराच्या आसपासच्या मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. तेच नाव पुढं महाराष्ट्रानं धरलं. तुमची गाडीही धरणगाववरूनच जाईल. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे आणि नवख्या माणसाला बिघडवणारी आहे. ती ऐकून लोक खिशात चार कागद घालून जातात, दिवसभर आपला नंबर कधी येतो याकडे डोळे लावून बसतात, दुसऱ्याचं एक अक्षर ऐकत नाहीत आणि नंबर आला नाही म्हणून रुसून घरी येतात. मी असे पुष्कळ बघितलेत, काही घरातलेच आहेत.

बहिणाबाईही येतील. स्वागतात येतील, प्रास्ताविकात येतील, आभारातही येतील. येऊ द्या, त्यांच्याच मुलखात मेळावा आहे. मला मात्र त्या गोष्टीत त्यांच्या मुलाचं, सोपानदेवांचं, काम कुणी नीट सांगत नाही याची चुटपुट लागते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलानं आणि एका नातेवाइकानं ऐकलं, टिपून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. टिपून घेणारा कुणी घरात नसता तर गाणी असोद्या-जळगावच्या शेतांतच राहिली असती. तुमच्या पर्समध्ये वही-पेन असतंच ना? तीच वही ऐकलेलं टिपायला काढा.

आता नावाचं. तुमच्या पत्रातला हाच खरा नाजूक प्रश्न आहे, बाकीचं सगळं संकोचापोटी आहे.

टोपणनावानं यायला हरकत असायचं कारणच नाही. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज हे सगळे टोपणनावानंच आपल्या घरात आलेत. कायद्यालाही टोपणनाव चालतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टोपणनावानं प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, आणि लेखकाची ओळख त्या मुदतीत उघड झाली तर हयातभर आणि पुढं ६० वर्षं. त्यामुळं तुमचा एखादा लेख नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरायला लागला, तर टोपणनावाची बाई म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही.

तरी आयोजकांपैकी एकाला खरं नाव ठाऊक असावं. पैसे भरायचे, शेतात जायचं, काही झालं तर घरी फोन करायचा, इतक्या गोष्टी असताना अगदीच निनावी राहणं बरं नाही. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर टोपणनाव, आयोजकाच्या डायरीत खरं नाव, असं ठरवून घ्या.

पण नाव कुठून फुटतं, ते नीट समजून घ्या. भेटलेल्या माणसांकडून फुटत नाही, त्यांच्या लक्षातही राहत नाही. ते फुटतं फोटोतून आणि बातमीतून. आपल्याकडे कार्यक्रम संपायच्या आत ‘फोटोला या, फोटोला या’ सुरू होतं, आणि पाहुणे पायऱ्या उतरेपर्यंत तो फोटो फेसबुकवर नावानिशी चढलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे प्रसिद्धिपत्रक. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर ‘यांची उपस्थिती होती’, ‘यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले’ म्हणून वीस-पंचवीस नावं येतात. आडनाव आणि गाव वाचून तुमच्या चुलतसासऱ्यांना कोडं सुटायला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागणार नाही. म्हणून समूहफोटोच्या वेळी चक्क बाजूला उभ्या राहा, हवं तर तुम्हीच फोटो काढा. कुणी आग्रह केलाच, तर ‘माझा फोटो नको टाकू भाऊ, घरी अजून सांगितलं नाहीये’ एवढं म्हणा. खान्देशात हे वाक्य सगळ्यांना कळतं.

आणि थोडं कडू बोलते. सासरच्या स्वयंपाकघरावर लिहिताना सासूबाईंबद्दल असं काही लिहिलं असेल की जे त्यांच्यासमोर वाचता येणार नाही, तर मेळाव्याला जाण्याआधी ते लेख एकदा स्वतः वाचून काढा. टोपणनाव आज ना उद्या उघडं पडतं, मेळाव्यात नाही तर एखाद्या लग्नात. त्या दिवशी काय वाचलं जाणार आहे, ते आपल्या हातात असतं. काढून टाकायचं की ठेवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, मी ठेवलं असतं.

भाषेची भीती मला पटली नाही. त्या सभागृहात यावल-रावेरकडची लेवा बोली असेल, धुळ्याकडची अहिराणी असेल, तुमच्याकडून कुणी आलं तर गुजरी, भिली, पावरी कानावर येईल. प्रमाण मराठी बोलणारे प्राध्यापकसुद्धा दुपारी भरताचं पातेलं उघडलं की आपापल्या आईच्या बोलीत येतात. हसणारे थोडे निघतील. पण मला हसण्यापेक्षा दुसराच धोका दिसतो. ‘ताई, अहिराणीत काहीतरी म्हणून दाखवा ना!’ अशी फर्माईश येईल, तुम्ही दोन चटकदार म्हणी टाकाल, टाळ्या पडतील आणि दिवसभर तुम्ही ‘त्या अहिराणीवाल्या मजेशीर ताई’ होऊन बसाल. फर्माईश आली तर म्हणी सांगू नका, स्वतःच्या लेखातला एक परिच्छेद वाचा. देठ खुडणाऱ्या बायकांचा वाचा, हाताची आग होते म्हणून घरी गेल्यावर पोराला जवळ घेता येत नाही, असलं काही तुम्ही लिहिलं असेलच. तिथं अहिराणी कुणाला मजेशीर वाटणार नाही.

ओळख करून द्यायची वेळ येईल तेव्हा माइक हातात घेऊन ‘मी काही फार मोठी लेखिका नाही, पण…’ अशी सुरुवात करू नका. पुढचे दोघं तुम्हाला ‘नाही नाही, असं कसं’ म्हणण्यात वेळ घालवतील. तीन वाक्यं पुरतात. मी नंदुरबारची. मिरचीच्या पथाऱ्यांवर काम करणाऱ्या बायकांविषयी लिहिते. आज अमुक यांना भेटायला आले, कारण त्यांचं तमुक वाचलं. खाली बसा. इतरांच्या ओळखी सात-सात मिनिटं चालतील आणि त्यात पुरस्कारांची यादी असेल, तुमची तीन वाक्यंच लोकांना आठवतील.

वेळेचं गणित सांगते. साडेदहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू होईल. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. तरीही तुम्ही दहालाच पोहोचा. तो मधला तास-दीड तास हाच मेळाव्यातला सगळ्यात मोकळा वेळ असतो. खुर्च्या लावणं, नोंदणीच्या टेबलावर नावं शोधून देणं, बॅनरची दोरी धरणं, असल्या कामात हात घातला की ओळखी आपोआप होतात.

मात्र एक सांभाळा. बाई दिसली की आपल्याकडे तिच्या हातात औक्षणाचं ताट देतात. ‘ताई, तुम्ही जरा पाहुण्यांना ओवाळता का’, ‘ताई, रांगोळी’, ‘ताई, स्वागतगीताला एक आवाज कमी पडतोय’. दहा वाजता ताट घेतलंत तर संध्याकाळपर्यंत पाण्याच्या बाटल्या मोजत राहाल आणि एकाही चर्चेत बसायला मिळणार नाही. खुर्च्या उचला, ताट घेऊ नका. ‘मी आज ऐकायला आलेय’ म्हणा आणि पुढच्या रांगेत जाऊन बसा. कुणाला राग आला तर येऊ दे, दुपारपर्यंत जातो.

ह्यांच्याबद्दल. नवरा सोबत यायला तयार आहे ही चांगलीच गोष्ट आहे, त्यांना दुखवू नका. पण शेवटपर्यंत शेजारी बसले तर काय होईल ते मी सांगते. पुरुष मंडळी तुमच्याशी बोलायला येतील आणि त्यांच्याशी बोलतील. ‘वहिनी छान लिहितात हं’ असं त्यांना सांगितलं जाईल. दुपारपर्यंत त्यांची पाच जणांशी दोस्ती होईल आणि तुम्ही पिशवी सांभाळत असाल. त्यांनी जळगावपर्यंत खुशाल यावं, सभागृहाच्या दारात सोडावं आणि आपली कामं करावीत. जळगावात दिवस काढायला जागा कमी आहेत का? सोन्याच्या दुकानांकडे मात्र पाठवू नका. भरताला बोलवायचं असेल तर आयोजकांना आधी विचारून त्यांचे वेगळे पैसे भरा.

ते येऊ शकले नाहीत तरी अडत नाही. सुरत–भुसावळ मार्गावरची गाडी नंदुरबारहून दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत थेट जळगावला आणते. एसटीनं धुळ्यावरून आलात तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे, पण परतीला शेवटची गाडी धुळ्यात चुकली तर पंचाईत होते. परतीची वेळ आधी ठरवा आणि ती पाळा. भरीत पार्टी वेळेवर संपल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

भरताला राहाच, हे मात्र आग्रहानं सांगते. सभागृहात लोक व्यासपीठाकडे तोंड करून बसतात, शेतात जाळाभोवती बसतात. ती मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, ठेचायची, लसूण-मिरची-दाणे आणि कांद्याची पात घालून तेलात परतायची, हे काम तासाभराचं. त्या तासाभरात हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. सकाळी ज्यांनी पंधरा मिनिटं भाषण केलं, ते इथं वांगं सोलताना खरं सांगतात, की आठ महिन्यांत एक ओळ सुचलेली नाही. मिरची कोणती घातली यावर तुमचं मत विचारलं जाईल, नंदुरबारची बाई म्हटल्यावर सुटका नाही. जेवायला बायकांचं वेगळं कोंडाळं होईल. पहिली पुरी तिथं घ्या आणि दुसरी घ्यायला उठलात की रानपिंगळेवाल्यांच्या शेजारी जाऊन बसा.

आता काही गोष्टी भरभर. लिहिणारे जमले की गट असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा विद्रोही साहित्य संमेलनाचा मांडवही त्याच गावात पडला होता. तिथं निदान वाद विचारांचा होता. छोट्या मेळाव्यात वाद बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या हिशोबाचा असतो. चहा घेताना कुणी कानाशी येऊन ‘त्यांच्यापासून जरा जपून’ असं सांगेल. ‘हो का’ म्हणा आणि चहा प्या. पहिल्याच दिवशी कुणाच्या बाजूला बसू नका.

कुणा हॉटेलवाल्यानं, मसालेवाल्यानं किंवा प्लॉटवाल्यानं कार्यक्रमाला पैसे दिलेले असतील, तर जाताना एक पिशवी मिळेल आणि ‘आमच्याबद्दल दोन ओळी लिहा’ अशी विनंतीही. पिशवी घ्या, लिहिलंच पाहिजे असं बंधन नाही. लिहिलंत तर वस्तू फुकट मिळाली हे त्याच लेखात स्पष्ट सांगा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचनाच काढल्यात. पैसे, भेटवस्तू, सवलत, फुकट सहल यांतलं काहीही घेऊन कौतुक केलं तर ते लपवायचं नाही, मग लिहिणारा लहान असो की मोठा. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण चाळीस वाचकांपैकी निम्म्या बहिणी आहेत आणि तो मसाला त्या खरंच विकत आणतील.

पुरस्कारवाले भेटतील. ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार, नोंदणी शुल्क पंधराशे, ट्रॉफी-प्रमाणपत्र-फेट्यासह. किंवा प्रातिनिधिक संग्रहात तुमचा लेख, पण दहा प्रती तुम्ही विकत घ्यायच्या. नम्रपणे नाही म्हणा. लिहिणाऱ्यानं पैसे मोजून घेतलेला मान सगळ्यांना ओळखू येतो. घरच्यांना तेवढा येत नाही, म्हणून तर तो धंदा चालतो.

मेळाव्यानंतर तुमचा नंबर ग्रुपमध्ये जाईल. सकाळी फुलांचे फोटो येतील, आवाज बंद करून ठेवा. स्वतःच्या लेखाची लिंक तिथं रोज टाकू नका. त्याऐवजी दोन-तीन दिवसांत ज्यांच्याशी खरंच बोलणं झालं अशा दोघांना वेगळा निरोप पाठवा, त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट आठवून. ‘तुम्ही म्हणालात ते पाड्यावरच्या म्हाताऱ्याचं लिहा ना’ एवढंच. दोघांतला एक जण नक्की लिहील आणि तुमचंही वाचेल. मेळाव्यातून एवढं हाती लागलं तरी ३०० रुपये वसूल झाले. नंदुरबार-शहाद्याकडची आणखी दोन-तीन माणसं तिथं सापडली, तर पुढच्या वेळी जळगावची वाट बघायची गरज नाही, तुमच्या पथारीवर चटई टाकूनही बसता येईल. चौघं असली की व्यासपीठही लागत नाही.

आणि नाहीच जमलं, सगळं कंटाळवाणं निघालं, कुणी धड बोललं नाही, तर जेवून निघा. पहिल्याच मेळाव्यात मन रमलं पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आईंचं म्हणणं मला आवडलं. पाव-पाव किलो मिरची पूड तीन-चार पुड्यांत बांधून न्या, पण आयोजकांच्या टेबलावर ठेवू नका, तिथून त्या व्यासपीठावरच्या पाहुण्यांकडे जातील आणि तुम्हाला सत्काराला वर बोलावलं जाईल. म्हणजे पुन्हा फोटो. निघताना ज्यांच्याशी गप्पा झाल्या त्यांच्या हातात द्या. साडी नेसायची की ड्रेस, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात. ड्रेस. काळ्या मातीत जायचंय, वहाणाही बंद असू द्या.

नोंदणीची मुदत तुम्ही कळवलेली नाही, म्हणून पत्र वाचून झालं की आजच आयोजकांना फोन करा. टोपणनावाचं आणि फोटोचं जे सांगायचं ते फोनवर बोलूनच सांगा, अर्जात ‘विशेष सूचना’ म्हणून लिहू नका. अर्जातलं सगळं यादीत जातं आणि यादी जशीच्या तशी प्रसिद्धिपत्रकात.